हाइनरिख क्विंके : पाठीतल्या पाण्याचा माग काढणारा वैद्य

१८४२ हे साल गोव्याच्या वैद्यकीय इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी पणजीत पोर्तुगीज राजवटीने वैद्यक व शस्त्रक्रियेचे विद्यालय स्थापन केले. बांबोळीचे आजचे गोमेकॉ हे त्याच विद्यालयाचे वारसदार. त्याच वर्षी २६ ऑगस्ट रोजी प्रशियात, ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्ट गावी, एका डॉक्टरांच्या घरात हाइनरिख इरेनेउस क्विंके यांचा जन्म झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. मात्र क्विंके यांनी १८९१ मध्ये जगापुढे ठेवलेली एक पद्धत आज जगातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात वापरली जाते. डॉक्टर तिला लंबर पंक्चर म्हणतात. आपल्याकडे तिचे नाव साधे आहे : पाठीतले पाणी काढणे.

या साध्या नावाभोवती भीतीचे मोठे वलय आहे. ताप मेंदूत गेल्याचा संशय आहे, पाठीतले पाणी तपासावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाईक थबकतात. पणजी असो, बेळगाव असो वा इंदूरच्या स्नेहलतागंजातले एखादे मराठी कुटुंब असो, शंका तीच असते : कमरेखालचे अंग लुळे पडले तर? कोणीतरी दूरच्या नात्यातले उदाहरण देतो, सही करायला कोणी धजावत नाही आणि तास निघून जातात. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात हे तास फार मोलाचे असतात. क्विंके यांचे चरित्र आज सांगण्याचे कारण हेच. ज्या शंकेने माणसे अडखळतात, तिचे उत्तर या माणसाने सुई टोचण्याची जागा निवडतानाच देऊन ठेवले होते.

क्विंके यांचे घराणे विद्येचे. वडील डॉक्टर, तर आठ वर्षांनी मोठे असलेले बंधू गेऑर्ग पुढे नामवंत पदार्थवैज्ञानिक झाले. हाइनरिख यांचे वैद्यकीय शिक्षण बर्लिन, व्युर्त्सबुर्ग आणि हायडेलबर्ग येथे झाले. जर्मन वैद्यकाचा तो बहराचा काळ होता. पेशींच्या अभ्यासातून रोगांचे मूळ शोधणारे फिर्खो, शरीरक्रियांना भौतिकशास्त्राचे माप लावणारे हेल्महोल्ट्झ अशा शिक्षकांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य त्यांना लाभले. १८६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते डॉक्टर झाले. नंतर बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात फ्रेरिख्स या ख्यातनाम प्राध्यापकांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले.

निरीक्षण हा त्यांचा खरा गुण. हृदयाची महाधमनीची झडप नीट मिटत नसेल तर रुग्णाच्या नखाखालचा रंग प्रत्येक ठोक्यागणिक लाल-पांढरा होतो, हे त्यांनी १८६८ मध्ये नोंदवले. वैद्यकाचे विद्यार्थी आजही परीक्षेत हे लक्षण त्यांच्या नावाने सांगतात. ओठ, पापण्या, घसा अचानक सुजवणाऱ्या विकाराचे त्यांनी १८८२ मध्ये केलेले वर्णनही त्यांच्याच नावाने ओळखले गेले. फुप्फुसात साचलेला पू व कफ रुग्णाला विशिष्ट स्थितीत झोपवून बाहेर काढण्याच्या उपायावरही त्यांनी काम केले. एवढ्यावरही एखाद्याचे नाव पाठ्यपुस्तकांत टिकले असते.

परंतु त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाचा उगम कुत्र्यांवरील एका प्रयोगात आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो, हे इटलीतील कोतुन्यो यांनी अठराव्या शतकातच सांगितले होते. हा मेरुद्रव कवटीत आणि कण्यात वेगवेगळा कोंडलेला असतो की दोन्हीकडे मोकळा खेळतो, हा प्रश्न होता. क्विंके यांनी कुत्र्यांच्या कण्याभोवतीच्या पोकळीत हिंगुळाची पूड मिसळलेले पाणी टोचले. हिंगूळ लालभडक, त्यामुळे त्याचा माग काढणे सोपे. काही काळाने तपासणी करता ते लाल कण थेट मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचलेले आढळले. १८७२ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विहीर आणि तिला जोडलेला पाट यांतले पाणी एकच असावे, तसे कवटीतले आणि कमरेतले पाणी एकच आहे, हे त्यातून दिसून आले. तेव्हा या शोधाचा रुग्णांना काही उपयोग होईल असे कोणाला वाटले नसावे. तो उपयोग व्हायला जवळजवळ वीस वर्षे लागली.

१८७३ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. १८७८ मध्ये ते उत्तर जर्मनीतील कील या बंदराच्या शहरी आले आणि पुढची तीस वर्षे तेथेच राहिले. त्या काळी वॉर्डात मेंदूज्वराने किंवा डोक्यात पाणी साचल्याने बेशुद्ध झालेली मुले येत. डोक्यातला दाब वाढत जाई आणि मूल डोळ्यांदेखत निघून जाई. दाब उतरवण्यासाठी टाळूतून थेट मेंदूच्या पोकळीत सुई घालणे हा एक मार्ग होता. मात्र तो मेंदूतून जाणारा, म्हणून धोक्याचा होता. आणि टाळू भरलेल्या मुलात तोही बंद.

१८९० च्या डिसेंबरात असेच एक पावणेदोन वर्षांचे मूल क्विंके यांच्यापुढे आले. ते बेशुद्ध होते आणि आशा फारशी नव्हती. कमरेतले पाणी आणि डोक्यातले पाणी एकच असेल, तर कमरेतून थोडे काढले तरी डोक्यातला दाब उतरला पाहिजे, हा त्यांचा तर्क कुत्र्यांवरील जुन्या प्रयोगावर उभा होता. त्यांनी कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई आत घातली आणि थोडेसे पाणी येऊ दिले. काही दिवसांच्या अंतराने हे तीनदा केले. मूल वाचले. ते त्या सुईमुळेच वाचले, असे आजच्या कसोटीवर ठामपणे म्हणता येणार नाही. पण सुईने त्याला अपाय केला नाही, हे उघड होते.

१८९१ च्या वसंतात वीसबाडेन येथील वैद्यक परिषदेत क्विंके यांनी ही पद्धत मांडली. त्याच सुमारास लंडनच्या वॉल्टर एसेक्स विंटर या डॉक्टरांनीही क्षयाच्या मेंदूज्वराच्या चार रुग्णांचे पाणी कमरेतून काढल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचे पहिले प्रयत्न तर क्विंके यांच्याही आधीचे. मग श्रेय क्विंके यांना का? विंटर त्वचेला छेद देऊन नळी बसवत, आणि त्यांचे चारही रुग्ण दगावले. क्विंके यांनी छेद टाळला. आत बारीक तार असलेली पोकळ सुई घालावी, मग तार काढून घ्यावी म्हणजे पाणी थेंबाथेंबाने येते. सुईला नळी जोडून पाण्याचा दाब मोजावा. बाहेर आलेल्या पाण्यातील पेशी, प्रथिने, साखर तपासावी, असा पूर्ण क्रम त्यांनी बसवला. इतर कोणत्याही डॉक्टरला तो शिकून घेता येण्याजोगा होता. एखादी गोष्ट प्रथम करणारा आणि ती सर्वांच्या हाती देणारा यांत वैद्यकाने येथे दुसऱ्याला मान दिला, आणि तो योग्यच म्हणावा लागेल.

आता त्या जागेविषयी, कारण भीतीचे मूळ तेथे आहे. पाठीचा कणा कमरेपर्यंत लांब असला तरी त्यातला मज्जारज्जू तेवढा लांब नसतो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली उरतात त्या केवळ पाण्यात तरंगणाऱ्या मज्जातंतूंच्या बारीक दोऱ्या, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारख्या; शरीरशास्त्रात त्यांना नावही तेच आहे. क्विंके यांनी सुई त्याखाली घातली, आणि आजही ती कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्येच घालतात. लहान बाळांत मज्जारज्जू किंचित खालपर्यंत येतो म्हणून त्यांच्यासाठी खालचीच फट निवडली जाते. पाण्याच्या भांड्यात सुतळीचे धागे सोडून त्यात सुई बुडवली तर धागे बाजूला सरतात, तशा या दोऱ्या सुईपासून सरकतात. मज्जारज्जूला सुई लागून माणूस लुळा पडेल ही धास्ती म्हणूनच निराधार ठरते : सुई जाते तेथे मज्जारज्जूच नसतो.

मग ही समजूत पसरली कशी? पाणी काढले जात असे ते बहुधा अत्यवस्थ रुग्णांचेच. क्षयाच्या मेंदूज्वरावर १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत औषधच नव्हते. तोवर पाण्यात क्षयाचे जंतू सापडले म्हणजे मृत्यूचे निदान झाले असेच समजावे लागे. जे जगले त्यांच्यातही कोणाचे डोळे, कोणाचे पाय त्या रोगानेच हिरावले. पाहणाऱ्यांना शेवटची आठवण राही ती सुईची, आणि दोष तिच्या माथी बसला. आज परिस्थिती उलटी आहे. मेंदूज्वराच्या बहुतेक प्रकारांवर औषधे आहेत. कोणते द्यायचे, किती महिने द्यायचे, हे मात्र त्या पाण्यावरून ठरते.

धोका अजिबात नाही असेही नाही, आणि ते क्विंके यांच्या हयातीतच कळून चुकले. मेंदूत गाठ असलेल्या काही रुग्णांचे पाणी काढल्यावर मृत्यू ओढवल्याच्या नोंदी १८९० च्या दशकातच झाल्या. वरून गाठीचा रेटा असताना खालचे पाणी काढले तर मेंदू खाली सरकून कवटीच्या तोंडाशी दाबला जाऊ शकतो. म्हणूनच आज रुग्णाला फिट आली असेल, शुद्ध हरपत चालली असेल, हातापायाची शक्ती गेली असेल किंवा डोळ्याच्या आतील पडद्यावर सूज दिसत असेल, तर आधी डोक्याचा सीटी स्कॅन करतात. अशा वेळी औषध थांबवून ठेवत नाहीत. संशय दाट असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस स्कॅनच्या आधीच देतात. रक्त गोठण्याची क्षमता आणि प्लेटलेटही पाहतात. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या न विसरता सांगायला हव्यात. सुई घालायच्या जागी गळू किंवा जंतुसंसर्ग असेल तर तेथे सुई घालत नाहीत.

प्रत्यक्ष क्रिया अर्ध्या तासाच्या आत उरकते. क्विंके यांच्या रुग्णाला जसे कुशीवर झोपवत तसेच आजही झोपवतात : गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, पाठ धनुष्यासारखी बाकवलेली. कधी बसवून, पुढे उशीवर वाकवूनही करतात. पाठ जितकी बाकदार, तितकी मणक्यांमधली फट रुंद. रुग्णाकडून मिळणारी सर्वांत मोठी मदत ती हीच. बाळाला परिचारिका घट्ट धरून ठेवते. ते दृश्य आईवडिलांना पाहवत नाही, म्हणून पुष्कळदा त्यांना बाहेर थांबायला सांगतात. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा मनात आखली की ती चौथ्या मणक्याच्या आसपास येते. डॉक्टर बोटांनी चाचपून जागा नक्की करतात. मग जंतुनाशकाचा थंड फवारा किंवा बोळा, आणि भुलीचे छोटे इंजेक्शन. खरी झोंब त्या इंजेक्शनाचीच, तीही काही क्षण. मोठी सुई आत जाताना दुखण्यापेक्षा दाब जाणवतो. एखाद्या वेळी पायात विजेची शिरशिरी जाते. सुई त्या दोरीपैकी एकीला चाटून गेली एवढाच तिचा अर्थ. हलू नये, डॉक्टरांना सांगावे, ते सुई थोडी फिरवतात.

पाणी ओढून काढत नाहीत, ते आपसूक थेंबाथेंबाने गळते. आधी उभी काचेची किंवा प्लास्टिकची नळी जोडून दाब मोजतात. कुशीवर झोपलेल्या प्रौढात पाणी साधारण १० ते २० सेंटिमीटर चढते. नंतर तीन-चार छोट्या बाटल्यांत मिळून प्रौढाचे दहा-पंधरा मिलिलिटर घेतात. एकाहून अधिक बाटल्या का, असा प्रश्न पडतो. सुई एखाद्या बारीक शिरेला लागली तर पहिल्या बाटलीत लाली येते आणि पुढे ती निवळते. मेंदूतच रक्तस्राव असेल तर शेवटच्या बाटलीपर्यंत रंग तसाच राहतो. काढलेले पाणी कायमचे गेले, अशीही एक समजूत आहे. प्रौढाच्या शरीरात हा द्रव एका वेळी १५० मिलिलिटरच्या आसपास असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. चमचा-दोन चमचे पाण्याची भरपाई तासाभरातच होऊन जाते.

निरोगी मेरुद्रव नळाच्या पाण्याइतका स्वच्छ असतो. तो गढूळ आला की डॉक्टरांना बाटली हातात असतानाच जिवाणूंचा संशय येतो. जंतू साखर खातात, म्हणून साखर उतरते. ती रक्तातल्या साखरेच्या तुलनेत पाहायची असल्याने त्याच वेळी बोटातून वा हातातून रक्तही घेतात. क्षयाच्या आजारात बाटली स्थिर ठेवल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पदर त्यात धरतो. क्विंके यांनी मुळात उपचार म्हणून, दाब उतरवायला, ही सुई हाती घेतली होती. तिचा खरा पराक्रम मात्र निदानात दिसला; जिवंत माणसाच्या मेंदूभोवती काय चालले आहे, हे कवटी न उघडता कळण्याचा तो पहिला भरवशाचा मार्ग ठरला.

या सुईची दुसरी वाटही कील शहरातच फुटली. १८९८ च्या ऑगस्टमध्ये तेथील शल्यचिकित्सक आउगुस्त बीर यांनी क्विंके यांच्या पद्धतीने सुई घालून पाण्यात कोकेन सोडले आणि कमरेखालचा भाग बधिर करून घोट्याची शस्त्रक्रिया केली. काही रुग्णांना नंतर डोकेदुखी व उलट्या झाल्या. त्यांचे कारण शोधण्यासाठी बीर आणि त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी २४ ऑगस्टला स्वतःवरच प्रयोग केला. बीर यांच्या पाठीत सुई घातली खरी, पण तिला पिचकारी नीट बसेना आणि त्यांचे बरेच पाणी वाहून गेले. मग बीर यांनी हिल्डेब्रांट यांना भूल दिली, आणि ती लागली का हे पाहण्यासाठी त्यांच्या पायांना सुया टोचल्या, पेटता चिरूट लावला, नडगीवर हातोडी मारली. हिल्डेब्रांट यांना काही जाणवले नाही. रात्री दोघांनी मद्य व चिरूटांसह जेवण केले. बीर यांना मात्र पुढे नऊ दिवस अशी डोकेदुखी जडली की उठून बसले की वाढे आणि आडवे झाले की उतरे.

ती डोकेदुखी आजही तशीच ओळखली जाते. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहिल्याने ती होते. तिला पाणी, वेदनाशामक, चहा-कॉफी आणि काही दिवसांचा धीर पुरतो; फारच हटून बसली तर रुग्णाचेच थोडे रक्त त्या जागी टोचून छिद्र बुजवतात. क्विंके रुग्णाला नंतर अंथरुणातच पडून राहायला सांगत, आणि ती प्रथा शतकभर टिकली. नव्या अभ्यासांत दीर्घ विश्रांतीने डोकेदुखी टळत नसल्याचे दिसले आहे. घरी गेल्यावर मात्र ताप येणे, मान आखडणे, पाय जड पडणे, लघवी अडणे किंवा सुईच्या जागेतून पाणी गळत राहणे यांपैकी काही दिसल्यास रुग्णालय गाठावे. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या भुलीमुळे कंबर कायमची धरली, अशी तक्रार घराघरांत ऐकू येते. गर्भारपणात व बाळंतपणानंतर कंबर दुखणे सुई न घेतलेल्या स्त्रियांतही तेवढेच आढळते; टोचल्या जागेचे दुखणे काही दिवसांत जाते.

१९०८ मध्ये क्विंके कीलहून निवृत्त झाले आणि माइन नदीकाठच्या फ्रांकफुर्ट शहरी राहायला गेले. नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. तो त्यांना मिळाला नाही. एका फ्रांकफुर्टमध्ये जन्मलेल्या या वैद्याने १९ मे १९२२ रोजी दुसऱ्या फ्रांकफुर्टमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षात, देह ठेवला.

त्यांचे नाव सुईच्या वेष्टनावर अजून छापले जाते. तिरके, धारदार टोक असलेली जुन्या घाटाची सुई क्विंके सुई म्हणून विकली जाते. तिची धार आवरणाला चीर पाडते. पेन्सिलीसारख्या टोकाच्या नव्या सुया आवरणाचे तंतू बाजूला सारून आत जातात. २०१८ मध्ये एकतीस हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासांची एकत्र पाहणी प्रसिद्ध झाली. तीत जुन्या घाटाच्या सुयांनी शंभरात अकरा जणांना डोकेदुखी झाली, नव्या सुयांनी चारांना. नव्या सुया थोड्या महाग असतात आणि सगळीकडे मिळतातच असे नाही. सही करण्यापूर्वी रुग्णाने किंवा नातेवाइकांनी सुई कोणत्या प्रकारची आहे एवढे विचारले, तर डॉक्टरांना त्याचे वावगे वाटण्याचे कारण नाही.